पन्नासाव्या वर्षाची उपकारस्तुती

शनिवारी दुपारी शांतवनची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा रिबकाबाई प्रभुदासांना कुशीवर वळवत होत्या. दर दोन तासांनी वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्याला आता अडीच वर्षं झाली. एक हात मानेखाली, एक कमरेखाली आणि तोंडानं, "आवं, जरा अंग सैल सोडा की." ज्याची उजवी बाजू लकव्यानं पार गेलेली, तो माणूस आणखी काय सैल सोडणार! पण तसं म्हटलं की वळवणं सोपं जायचं, आणि घरात कुणाशी तरी बोलल्यासारखंही व्हायचं.

प्रभुदास वायदंडे मिरज जंक्शनवर पॉइंट्समन होते. छत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांना रूळ बदलून दिले आणि रविवारी देवळात पहिलं गीत उचललं. पेटी असो नसो, त्यांचा सूर लागला की मागच्या बाकांवरची पेंगणारी माणसंही सरळ बसायची. सुट्टी काढून आटपाडीकडच्या वस्त्यांवर येशूचं कीर्तन करायला जायचे, अंगात रेल्वेचाच निळा सदरा आणि हातात चिपळ्या. ड्युटीवरून परतले की फाटकातूनच हाक यायची, "रिबके!" घर दोन खोल्यांचं, आत येऊन मारली असती तरी चाललं असतं. पण नाही, फाटकातूनच. आता त्यांना एकच अक्षर येत होतं. बा. पाणी हवं असलं तरी बा, दुखलं तरी बा, खिडकीत चिमणी आली तरी बा. रिबकाबाईंना ते सगळे बा वेगवेगळे कळायचे. फक्त त्यातल्या एकातही त्यांचं नाव नसायचं.

"आई!" शांतवन दारातून आत आला. थोरला मुलगा, शेहेचाळिशीचा, चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. त्याच्यामागे पांढऱ्या शर्टातला तिशीचा एक तरुण होता.

"हे ब्रदर नेहेम्या. आमच्या फेलोशिपचे, प्रार्थनेच्या मंडळीतले. उद्याच्या सभेत हेच वचन सांगतील."

"प्रेज द लॉर्ड, आई," ब्रदर म्हणाला.

"सलाम. या, बसा," रिबकाबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

उद्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. कोरेगावहून एकोणीस वर्षांची रिबका या घरात आली होती. त्याबद्दल देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची सभा अंगणात करायची ही कल्पना शांतवनची. मंडप त्यानंच फोनवरून ठरवला होता. रिबकाबाईंना वाटलं होतं, चला, पोराला आईबापाची आठवण आहे.

चहा झाल्यावर शांतवन स्वयंपाकघरात आला. कट्ट्याला टेकून उभा राहिला, लहानपणी काही मागायचं असलं की उभा राहायचा तसा.

"आई, एक मागायचंय तुझ्याकडे."

"लगीन माझं पन्नास वरसांचं, आनि मागनं तुझं व्हय?" त्या हसल्या. "माग."

"आज संध्याकाळपासून आप्पांच्या गोळ्या बंद करायच्या."

रिबकाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"ब्रदरना प्रार्थनेत स्पष्ट दाखवलं गेलंय. उद्या आप्पा आपल्या पायांवर उभे राहतील. पण एक हात औषधावर आणि एक हात प्रभूवर, असं नाही चालत, आई. पूर्ण भरवसा टाकावा लागतो."

"डॉक्टर म्हनले हुते, फिटची गोळी एक येळबी चुकवायची न्हाई."

"अडीच वर्षं डॉक्टरांचंच ऐकलंस ना? काय झालं?"

 काय झालं होतं? सकाळी पाण्यानं अंग पुसायचं, पावडर लावायची, रव्याची पेज चमच्या चमच्यानं भरवायची, कपडे बदलायचे, दुपारी पुन्हा तेच. रविवारी शेजारची गुणमाला तासभर येऊन बसायची, तेव्हा त्या देवळात जाऊन यायच्या. प्रार्थना करायच्या. झालं काहीच नव्हतं.

ब्रदर नेहेम्या दाराशी येऊन उभा होता. तो मोठ्यानं बोलला नाही, अधिकारानंही नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "माझी आई सात वर्षं अंथरुणावर होती. आम्ही तिला जालन्याच्या सभेला उचलून नेलं. परत आलो त्या दिवशी ती स्वतः उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मला विचारलं, मिठाचा डबा कुठं ठेवलायस रे? मी बघितलंय, आई. ऐकीव नाही सांगत."

मिठाचा डबा.  एवढंच तर रिबकाबाईंना हवं होतं. प्रभुदासांनी पळत सुटावं, डोंगर चढावा, असं त्यांनी कधी मागितलं नव्हतं. चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुर करावी. चष्मा कुठं ठेवलास म्हणून ओरडावं.

"फक्त एक आहे," ब्रदर चाचरत म्हणाला. "या घरात एका माणसाचा विश्वास अडखळतोय. तेवढं आड येतंय."

शांतवनची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. फोटोत धाकटा दाविद होता, मिलिटरीच्या वर्दीत. दाविद हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि आता सांगलीला एका कारखान्यात सुरक्षारक्षकांचा प्रमुख होता. आठ वर्षांपूर्वी त्याची सहा वर्षांची शारोन डेंग्यूनं गेली. तिला माती देऊन आल्यावर शांतवन त्याला म्हणाला होता, "आपली प्रार्थना कुठंतरी कमी पडली, दाविद." त्या दिवसापासून दाविदनं देवळाची पायरी चढली नव्हती आणि थोरल्या भावाशी एक शब्द बोलला नव्हता. आप्पांकडे मात्र तो दर रविवारी दुपारी यायचा. त्यानंच ती सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी आणली होती, वार लिहिलेली, सकाळ-संध्याकाळच्या दोन ओळींची. रविवारी तो पलंगाशी मांडी घालून बसायचा आणि बंदुकीत गोळ्या भराव्यात तशा एकाग्रतेनं पुढच्या आठवड्याचे कप्पे भरायचा.

शांतवन फोटोकडे बघत होता. पण रिबकाबाईंना ठाऊक होतं, ज्याचा विश्वास अडखळतोय तो माणूस दाविद नाही.

मागच्या उन्हाळ्यात प्रभुदासांच्या कमरेला जखम झाली होती. वास जायचा नाही. एका दुपारी ती धुताना ते बा बा करून रडायला लागले आणि रिबकाबाई तशाच ओल्या हातांनी मोरीत जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, देवा, आता घेऊन जा ह्यांना. मोठ्यानं म्हणाल्या होत्या. नंतर जखम भरली, प्रभुदास हसायलाही लागले, पण ते मागणं त्यांनी परत घेतलं नव्हतं. कसं घेतात, तेच माहीत नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हनतूस तर बगू."

दिवेलागणीला त्या रोजच्यासारख्या पलंगाशी बसल्या. रोज गोळ्या कुटून मधात कालवून द्यायच्या. चमचा दिसला की प्रभुदास आपसूक तोंड उघडायचे. आजही उघडलं. रिबकाबाईंनी नुसत्या मधाचा चमचा जिभेवर ठेवला.

प्रभुदासांनी तो गिळला नाही. चव घेतली आणि डोळे वर करून त्यांच्याकडे बघितलं. गोळीचा कडूपणा त्यांना रोजचा माहीत होता.

"बा?" ते म्हणाले.

"व्हय, झालं," रिबकाबाई म्हणाल्या आणि त्यांचं तोंड पदरानं पुसलं. दुसऱ्या खोलीत शांतवन आणि ब्रदर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. त्या जाऊन त्यांच्या मागे बसल्या. शब्द सुचेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी पण नुसता मधच दिला.

*

रविवारी नऊ वाजता सांगलीहून मंगल आली, दाविदची बायको. आटपाडीकडच्या शेतकरी घरातली. लग्न रजिस्टर झालेलं, बाप्तिस्मा तिनं कधी घेतला नाही आणि रिबकाबाईंनी कधी विषय काढला नाही. पण शारोन गेल्यावर नवरा देवळात जायचा थांबला आणि ही जायला लागली. सासूच्या शेजारी बसायची, गीताची ओळ बोटानं धरून हळू म्हणायची.

"दाविद न्हाई आला?" रिबकाबाईंनी विचारलं.

"जेवायला येतो म्हनले, सभंला न्हाई." मंगलनं भाताचं पातेलं चुलीवर चढवलं, मग आप्पांना बघायला आत गेली. बाहेर आली ती डबी हातात घेऊनच.

"आत्याबाई, शनिवार संध्याकाळचा कप्पा भरलेला हाय. आनि आज सकाळचा बी."

"दुसऱ्या पाकिटातनं दिल्या." रिबकाबाई कांदा चिरत राहिल्या. मान वर केली नाही.

 सोळा वर्षं मंगल या घरची सून होती आणि सासूला खोटं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.  तिनं डबी कट्ट्यावर ठेवली, फोन घेतला आणि मागल्या दारानं बाहेर गेली. रिबकाबाईंना कळलं, ती कुणाला फोन करतेय ते. हाक मारून थांबवावं असंही मनात आलं, आणि नाहीही आलं.

अकरा वाजता अंगण भरलं. देवळातली माणसं, रेल्वेतले दोन म्हातारे सोबती, गुणमाला आणि तिच्या सुना. पलंग उचलून मंडपात आणला होता. प्रभुदासांना शांतवननं नवा सदरा घातला होता, रिबकाबाईंनी लग्नातली अंजिरी साडी नेसली होती. म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी सुरुवातीची प्रार्थना केली. त्यांनी प्रभुदासांच्या आजोबांची आठवण काढली. ते जोतिबा आटपाडीच्या माळावरून पायाची जखम घेऊन मिरजेच्या मिशन दवाखान्यात आले, बरे झाले आणि प्रभूचे झाले, पण आईनं ठेवलेलं नाव काही बदलायला तयार झाले नाहीत. लोक हसले. प्रभुदासही डाव्या गालानं हसले.

मग ब्रदर नेहेम्या उभा राहिला. चांगलं बोलला. बोलता बोलता त्याचा शर्ट घामानं भिजला. शेवटी तो पलंगाशी गेला, प्रभुदासांच्या कपाळावर हात ठेवला आणि सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितलं. आवाज चढत गेले. शांतवन बापाच्या डाव्या काखेत शिरला, ब्रदर उजव्या.

"आप्पा, उठा! प्रभूच्या नावात उठा!"

उचलले. प्रभुदासांचे तळवे जमिनीला लागले. अडीच वर्षांत रिबकाबाईंनी त्यांना उभं पाहिलं नव्हतं. ते आपल्यापेक्षा एवढे उंच आहेत हेच त्या विसरल्या होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "उभे राहिले! उभे राहिले!" आणि सगळा मंडप उठला. प्रभुदासांची नजर गर्दीतून फिरत रिबकाबाईंवर येऊन थांबली. त्यांचे ओठ हलले. जीभ वर टाळूकडे गेली, र म्हणताना जाते तशी.

रिबकाबाई एक पाऊल पुढं झाल्या. आयुष्यात कशाची वाट पाहिली नसेल तशी त्या एका अक्षराची वाट पाहत होत्या.

ओठ एका बाजूला ओढले गेले. मग मान. मग सगळं अंग ताठ झालं आणि प्रभुदास त्या दोघांच्या हातांतून झटके देत खाली आले.

"कुशीवर! कुशीवर घ्या!" फाटकातून दाविद धावत आला. मंगलचा निरोप त्याला उशिरा मिळाला होता; मोटारसायकल त्यानं तशीच आडवी टाकली होती. गर्दी बाजूला सारून तो गुडघ्यांवर बसला, बापाला डाव्या कुशीवर केलं, नव्या सदऱ्याची बटणं तोडली. "मागं सरा समदे! वारा येऊ द्या! दादा, गाडी काढ. बगत काय हुबा ऱ्हायलास? गाडी काढ!"

आठ वर्षांनी तो भावाशी बोलला, तो असा.

*

दवाखान्यात झटके थांबायला पाऊण तास गेला. मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, की जीव वाचलाय, पण शुद्ध नीट येईपर्यंत काही सांगता येत नाही. गोळ्या किती वेळ चुकल्या, असं त्यांनी विचारलं.

"दोन येळा," मंगल म्हणाली. 

डॉक्टर आत गेल्या. दाविद वऱ्हांड्यातल्या बाकासमोर उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, पण त्यामुळेच रिबकाबाईंना जास्त भीती वाटली.

"तू बंद केल्यास, दादा."

"मी सांगितलं होतं," शांतवन म्हणाला.

"त्यानं सांगितलं, पन हात माझा हाय," रिबकाबाई म्हणाल्या. "रोज मीच देते. नुसता मध घातला मी त्यांच्या तोंडात. त्यांस्नी कळलं बी. तरी घातला."

"का पन, आई? तू?"

"मला वाटलं, उठतील."

दाविद वळून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू आली. रिबकाबाई पुन्हा बोलायला लागल्या, कुणी विचारलं नव्हतं तरी. मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार त्यांनी सांगितली. मोरी, ओले हात, आणि मोठ्यानं म्हटलेलं ते वाक्य. "ब्रदर म्हनला न्हवं, एकाचा इश्वास अडखळतोय म्हनून. तुमाला वाटलं दाविद. त्यो माणूस मी हाय. म्हनून मी न्हाई म्हनू शकले न्हाई. मला वाटलं, येकदा तरी पुरता इश्वास ठेवून दावावा."

शांतवननं दोन्ही हातांत तोंड घातलं. त्याची पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली.

"आई, तू न्हाईस ग. मी हाय त्यो. अडीच वरसात मी चारदा आलो. चारदा! मला आप्पांस्नी तसं बगवतच न्हाई. ते बा म्हनायला लागले की मला पळून जावंसं वाटतं. ते एकदम बरे व्हावेत असं मला का वाटत हुतं, म्हायताय? मग मी आलो नसतो तरी चाललं असतं. तुझ्यासारखं रोजचं करायची ताकद माझ्यात न्हाई. येकदाच काय ते मोठं घडावं आनि सुटावं."

भिंतीकडे तोंड करून उभा असलेला दाविद हळूच वळला.

"मग माझं नाव कुनीच घेत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "आठ वरसं ह्या घरात इश्वास नसल्याला म्हनून मी वळकला जातो. आनि आता तुमी दोघं माझी जागा घ्यायला भांडताय."

मंगलला हसू फुटलं. तिनं पदर तोंडावर धरला, पण उशीर झाला होता. शांतवन रडता रडता हसला. रिबकाबाईंना हसावं की रडावं कळेना, तेव्हा त्यांनी दाविदच्या दंडावर एक चापट मारली, तो लहान असल्यासारखी.

"दाविद," शांतवन म्हणाला, "शारोनच्या येळी मी जे बोललो…"

"नगं." दाविदचा चेहरा परत बंद झाला. "आज नगं, दादा."

"बरं."

"कवातरी बोल. पन आज नगं."

एवढंच झालं. पण दाविद बाकावर बसला, आणि दोघा भावांच्या मध्ये फक्त मंगलनं आणलेली गोळ्यांची पिशवी होती.

ब्रदर नेहेम्या खाली आवारात नळाजवळच्या कट्ट्यावर बसून होता. दुपारपासून त्याच्याकडे कुणी गेलं नव्हतं. संध्याकाळ व्हायच्या आधी रिबकाबाई चहा घेऊन उतरल्या. त्यांना बघून तो उठला, परत बसला.

"मी तिला उठताना बघितलं होतं, आई," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "खरंच उठली होती. मिठाचा डबा मागितला होता."

"खोटं म्हनत न्हाई मी."

"मग आप्पा का नाही?"

रिबकाबाई त्याच्या शेजारी टेकल्या. अडीच वर्षं हाच प्रश्न त्या विचारत होत्या आणि आता दुसरं कुणीतरी त्यांनाच विचारत होतं.

"मला ठावं न्हाई, बाळ. तुझी आई हाय अजून?"

"तीन वर्षांपूर्वी गेली."

"तवा ती मरनातनं परत उठावी म्हनून प्रार्थना केलीस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"चा पी, गार व्हायला लागला. आनि जेवून जा घरला, भात लय उरलाय. पन येक ऐक. पुना कुनाच्या घरी जाऊन गोळ्या बंद करायला लावू नगंस. प्रार्थना कर. गोळी देनाऱ्याचा हात धरू नगंस."

*

सोमवारी सकाळी सातला वॉर्डात पडदे उघडले. प्रभुदास जागे होते. नर्सनं गोळ्या कुटून मधात कालवून दिल्या आणि वाटी रिबकाबाईंच्या हातात ठेवली. "तुम्हीच द्या आजी, तुमच्या हातची सवय असेल."

रिबकाबाईंनी चमचा ओठांजवळ नेला. प्रभुदासांनी तोंड मिटून घेतलं.

"आवं, घ्या की."

मान दुसरीकडे वळली. डाव्या बाजूनं वळवता येत होती तेवढी सगळी.

 पन्नास वर्षांत या माणसानं त्यांच्या हातचं काही नाकारलं नव्हतं, करपलेलं पिठलंसुद्धा नाही. शांतवन आणि दाविद पलंगाच्या दोन बाजूंना उभे होते. दोघांपैकी एकानंही चमचा मागितला नाही. मागायचा नसतो, हे दोघांना कळलं.

"शनिवारी मी तुमाला फसवलं," रिबकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. वॉर्डातली शेजारची माणसं ऐकत होती, ऐकू देत. "गोळी दिली म्हनले आनि नुसता मध दिला. तुमाला इचारलं बी न्हाई. तुमचा आवाज ऐकायचा हुता मला. तुमाला असं बगून मी लय दमलीय हो. पन ही गोळी हाय. खरी हाय. जीभ लावून बगा, कडू लागंल."

प्रभुदास छताकडे बघत राहिले.  मग मान हळूहळू परत आली. तोंड उघडलं. चमचा जिभेवर गेला तेव्हा कडूपणानं त्यांचा अर्धा चेहरा वाकडा झाला.

"बा," ते म्हणाले.

हा कुठला बा, ते मात्र रिबकाबाईंना कळलं नाही. नवा होता.

नर्स म्हणाली, खालची चादर ओली आहे, बदलायला पाहिजे, कुणी दोघं धरा. शांतवन डावीकडे, दाविद उजवीकडे. दोघांनी चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत घेतल्या.

"कमरंला झोल पडू देऊ नगा," रिबकाबाई म्हणाल्या. "जखम तिथंच हुती. हं, आता उचला."

त्यांनी उचललं. प्रभुदास गादीपासून वीतभर वर, दोन मुलांच्या हातांत झोळीसारखे. नर्स कोरडी चादर आणायला कपाटाकडे गेली. कपाट वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होतं.

रिबकाबाईंनी डोळे मिटले आणि एक हात नवऱ्याच्या पायावर ठेवला.

"हे स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या.

शांतवननं मान झुकवली. दाविदनं एकदम वर बघितलं. आठ वर्षांत प्रार्थना सुरू झाली की तो उठून बाहेर जायचा, बिडी ओढायला, गाडी बघायला, कशाला तरी. आता त्याच्या मुठीत चादर होती आणि चादरीत बाप होता.

"पित्या, उन्हाळ्यात मी येक मागितलं हुतं ते मला नगंय. ते परत घे. दुसरं मागनं तुला म्हायती हाय. ते तू देशील का न्हाई मला ठावं न्हाई. दिलं न्हाईस तरी मी उद्या सकाळी ह्यांचं अंग पुसीन, तवा माझ्या हातास्नी जोर दे. ह्या माझ्या थोरल्याला, त्याला बगवत न्हाई म्हनतो, त्याला बगायचं बळ दे. माझ्या मंगलला…"

"झालं का, आई?" दाविद पुटपुटला.  "हात भरून आलं."

"न्हाई," रिबकाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तुझं ऱ्हायलंय अजून. धर थोडा वेळ."

दाविदनं पाय जरा फाकवले, मुठी घट्ट केल्या, आणि धरून उभा राहिला.